कट म्हणायचं राहिलं

९ फेब्रुवारी

चि. गुंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

रिळांच्या डब्यांबरोबर ही चिठ्ठी पाठवते. सगळ्यात वरचं रीळ स्टुडिओच्या अंधारखोलीत आधी धुवून घे आणि बघशील तेव्हा दार लावून बघ.

काल शेवटची लढाई घेतली. फौज तीच, सकाळी आपली आणि दुपारी टोप बदलून शत्रूची. अप्पांच्या गोष्टीत सेनापती पळून जातो आणि नगारेवाला एकटा नगारा बडवत राहतो. काकांनी ते उलटं केलं. त्यांचा सेनापती छातीवर वार झेलून मरतो, कारण सेनापती ते स्वतः. दिग्दर्शक तेच, लेखकही म्हणे तेच. गोष्ट माझी आहे असं अप्पा निर्मात्यांना म्हणाले, तेव्हा दादाला हल्ली भास होतात असं हसत सांगणारेही तेच. ते हसू मी विसरलेले नाही. निम्म्या पगारावर त्यांचा कॅमेरा उगाच धरला नाही मी.

तर दारूचा बार वेळेआधी उडाला. कोणाला खरचटलंही नाही, पण काकांनी तलवार टाकली आणि जी धूम ठोकली ती थेट टेकडीमागच्या जेवणाच्या तंबूत. तलवार रबराची, बिचारी उड्या मारत राहिली. दिग्दर्शकाने कट म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, हा आपल्या कामाचा नियम. कट म्हणणाराच पळालेला. नगारेवाला बडवत राहिला, मी कॅमेरा चालू ठेवला, रीळ संपेपर्यंत.

परत आल्यावर काका म्हणाले, धुरात काही आलं नसेलच. मी मान डोलावली.

अप्पा जेवतात ना नीट? कळव. तुझी ताई.


१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रीळ दार लावून पाहिलं. मग दार सताड उघडून निर्मात्यांना बोलावलं. तुला विचारलं नाही, रागावू नकोस. काका नेमके स्टुडिओत आलेले, त्यांना शेजारी बसवलं. भर खोलीत नाक ठेचायचं, एवढंच डोक्यात होतं.

झालं भलतंच. निर्माते खुर्चीतून उठले आणि म्हणाले की सिनेमाचा शेवट हाच, असा पळणारा सेनापती आपण जन्मात पाहिला नाही. आपण मुद्दामच तसा अभिनय केला असं काकांनी ठोकून दिलं. मी दातओठ खात राहिलो. मग निर्मात्यांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? काका तोंड उघडणार इतक्यात मी सहज जेवणाच्या तंबूचा विषय काढला. त्यांनी घाईघाईने सांगितलं की शेवट दादाचाच आहे, मुळात गोष्टच दादाची. लेखक म्हणून अप्पांचं नाव पडद्यावर येणार, ताई!

आता निर्मात्यांना पळतानाचा चेहरा जवळून हवा आहे. स्टुडिओत धूर सोडून घ्यायचा. कॅमेरा तुझाच. अजिबात घाई करू नकोस.

अप्पांना सगळं सांगितलं. नुसतं हूं म्हणाले. तुझा गुंड्या.


२ मार्च

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

आज काकांना दिवसभर पळवलं. पंख्यासमोर, धुरात, जिरेटोप घालून. कधी फोकस गेला म्हटलं, कधी धूर कमी पडला. फोकस कधीच गेला नव्हता, अप्पा. कट त्यांनीच म्हणायचं, म्हणून आधी पळायचे आणि मग खोकत खोकत कट म्हणायचे. शेवटी हात जोडून म्हणाले, पोरी, पुरे आता. मी सांगितलं की अजून खरं वाटत नाही. ते मात्र खोटं नव्हतं. टेकडीवरचा तो चेहरा त्यांना एकदाही आणता आला नाही.

मला फार बरं वाटलं. तरी पोट भरलं नाही. लोक त्यांनाच डोक्यावर घेणार, नट म्हणून वाखाणणार, या विचाराने अंगाची लाही होते. पहिल्या खेळाच्या वेळी मी दुसऱ्या कामावर असेन. तुम्ही मात्र जा. माझ्यासाठी जा. तब्येतीला जपा. तुमची छबू.


२० ऑगस्ट

चि. छबूस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. पांढरा सदरा घातला, गुंड्याने इस्त्री केली आणि बाही जाळली. धाकट्या भावाच्या शेजारची खुर्ची मी मागून घेतली. मला बघून तो सगळ्यांना मोठ्याने सांगत होता की हा माझा दादा.

बार उडायच्या जरा आधी तो उठू लागला. बाहेर जाऊन येतो म्हणाला. मी त्याचा हात धरला. लहानपणी गर्दीत हरवू नये म्हणून धरायचो ना, तसाच, बोटांत बोटं घालून. म्हटलं, बस, दादाची गोष्ट आहे. बसला. पडद्यावर पळाला, इथे पळता येईना. हात घामाने भिजला होता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना तो अभिनय वाटला. खरं काय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला कळलं. नगारा थांबेपर्यंत मी हात सोडला नाही.

तू म्हणतेस पोट भरलं नाही. माझंही नाही. उद्याच्या खेळाची दोन तिकिटं काढली आहेत, शेजारशेजारची. त्याच्याकडे निरोप धाडला आहे की दादा न्यायला येतो.

वेळेवर जेवत जा, आणि म्हाताऱ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझे अप्पा