दादाच्या नाकाचा हिवाळा

१२ डिसेंबर

"छान" म्हणाले आणि बोलणी खाल्ली!

दादाने भोपळ्याचं सूप पुढ्यात ठेवलं. मी एक चमचा घेतला, म्हणाले, "छान." केवढा भडकला! "छान ही काय चव आहे? हवा छान असते. स्वेटर छान असतो. सूप कसं आहे ते सांग." पुन्हा एक चमचा घेतला. "गरम आहे," म्हणाले. त्याने वाटीच उचलून नेली.

गेल्या महिन्यात त्याच्या खानावळीच्या मागच्या पायऱ्यांवर दव गोठलं होतं. हा घाईघाईत उतरायला गेला आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला. हाड शाबूत, टाका एकही नाही, पण वास गेला. सगळाच. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू तेवढं कळतं. बाकी म्हणे ओला पुठ्ठा चावल्यासारखं. आणि या माणसाने आयुष्यभर स्वयंपाक केला तो नाकाने! भांड्यात डोकावतही नाही, लांबूनच हुंगतो — हुंगायचा — आणि म्हणतो, "अजून दोन मिनिटं."

"हिवाळा संपेपर्यंत येईल परत," म्हणतो. डॉक्टर तसं म्हणाले का विचारलं, तर म्हणे, "म्हणाले की!" तोवर खानावळ बंद. आणि मी साठवलेली रजा घेऊन इथे, त्याच्यासाठी चव घ्यायला. मी! इस्पितळात एक्स-रे काढते, दोन पेशंटच्या मध्ये उभ्यानेच डबा संपवते. डब्यात काय होतं, हे संध्याकाळी मला विचारू नये.

१३ डिसेंबर

आज "चविष्ट" म्हणून पाहिलं. तेही चालत नाही.

१६ डिसेंबर

दादाचा नवा उपाय: मी पुस्तकं वाचायची. "तुझ्याकडे शब्दच नाहीत, घोडे. कुठून तरी आण." म्हणून शेगडीजवळ दोन खुर्च्या ओढल्या, पायांवर घोंगडी, आणि मी एक जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली. चांगलीच रंगली होती. नायक परदेशातून परत येतो, आई जेवायला वाढते, तो जेवतो आणि रडतो.

"काय जेवला?" — दादा.

"ते नाही लिहिलंय."

"तीन पानं जेवतोय आणि काय जेवला ते नाही? मग रडला कशाला? तिखट लागलं असेल."

पुढचं वाचू दिलं नाही. नायिका कुणाशी लग्न करते ते मला चोरून वाचावं लागलं. (डॉक्टरशी. मला वाटलंच होतं.)

२१ डिसेंबर

खानावळीच्या मागे दादाचं घर, आणि वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहतात. रोज दुपारी खाली जेवायला यायच्या. खानावळ बंद झाल्यापासून बिचाऱ्या पावावर आहेत. आज त्यांच्या चौघांच्या वादनाला आम्हाला नेलं. लहानसं सभागृह, लोकांनी अंगावरचे कोटही काढले नव्हते इतकी थंडी. दादा सुरुवातीलाच डोळे मिटून बसला. मी मनात म्हटलं, झोपला. कोपराने ढोसलं तर म्हणतो, "गप. ऐकतोय."

बाहेर आल्यावर त्याने बाईंना रस्त्यातच धरलं. "तो कोपऱ्यातला जाडा माणूस, मोठं वाद्य घेतलेला — तो नुसता एकच सूर धरून बसला होता."

"हो, त्याला तेवढंच काम होतं."

"तो कांदा," दादा म्हणाला.

बाई थांबल्याच. मला वाटलं, चिडणार आता. दादा आपला सांगतोय — कांदा कुणाला वेगळा लागत नाही, कुणी त्याचं नाव काढत नाही, पण काढून घेतला की वरचं सगळं लटपटतं. बाई इतक्या हसल्या की व्हायोलिनची पेटी माझ्याकडे दिली. "त्याला सांगते! जन्मभर खूश राहील."

घरी येऊन सूप घेतलं आणि पहिल्यांदाच खालचा सूर शोधला. सापडला! खरंच कांदा होता. दादाला सांगितलं तर म्हणतो, "मग काय बटाटा असणार होता?" पण दुसरी वाटी आपणहून दिली.

२८ डिसेंबर

चित्रांचं प्रदर्शन. दादाला आत न्यायला मी जे कष्ट घेतले ते मलाच ठाऊक! तिथे एक मोठं चित्र: टेबल, लिंबं, सुरी, मासा. लोक हळू आवाजात प्रकाशाबद्दल बोलत होते. दादा मोठ्याने म्हणाला, "मासा शिळा आहे. डोळा बघा." दोन बायका मागे सरकल्या. पहारेकऱ्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते त्याचे.

पुढे गेले आणि मागे वळून पाहिलं तर दादा त्या लिंबांपाशी वाकला होता. अगदी जवळ. नाक चित्राला लागेल इतका. मला बघून सरळ झाला. "रंग कसा लावलाय ते बघत होतो," म्हणाला.

आज थट्टा पुरे.

५ जानेवारी

सिनेमा. प्रेमकथा. नायिका खिडकीपाशी कांदा चिरत असते आणि नायक येतो. सगळं थिएटर श्वास रोखून — आणि शेजारून आवाज, "बोट जाणार तिचं." पुढच्या रांगेतून शुक् शुक् झालं. मी लाजेने स्कार्फ डोक्यावरून घेतला. मध्यंतरात मक्याच्या लाह्या घेतल्या, एक मूठ तोंडात टाकून म्हणतो, "खारट कापूस. तुझी काय बातमी?" मी म्हणाले, "लोणी थोडं जळलंय, पण त्यानेच मजा आलीये. बदामाकडे झुकतंय."

बघतच राहिला माझ्याकडे. मग म्हणाला, "बदामाकडे झुकतंय! बघा बाईसाहेब!" आणि दुसऱ्या अर्ध्या सिनेमाभर काही बोलला नाही. शेवट गोड होता. आम्हा दोघांचंही नाक वाहत होतं. थंडीने, असं ठरलं.

११ जानेवारी

आज घाबरले. अंघोळ करून बाहेर आले तर घरभर धूर. दूध करपून पातेलं काळंठिक्कर, आणि दादा शेगडीकडे पाठ करून, तीन हातांवर, निवांत सफरचंद सोलत बसलेला. त्याला पत्ताच नव्हता! मी ओरडले तेव्हा वळला. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, थंडी भसाभस आत आली. सफरचंदाची साल अखंड निघाली होती, ती तशीच त्याच्या हातात.

"येईल रे परत," मी म्हणाले.

"हो. येईल," तो म्हणाला.

पातेलं मी घासलं. त्याने पुसलं.

१८ जानेवारी

भांडण. मोठं.

काल अळंब्यांचा रस्सा केला होता त्याने. मला तो बरा लागला नाही. पण त्या दुधाच्या प्रकारापासून त्याचा चेहरा बघवत नाही, म्हणून म्हणाले, "अप्रतिम." आज त्याने मोठ्या हौसेने वाटीभर रस्सा वर बाईंकडे पोचवला. बाईंनी दोन घास घेतले आणि साफ सांगितलं — जायफळाने सगळं मारून टाकलंय.

खाली आला. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

"तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं ते मी बघून घेईन. माझी कीव करायची असेल तर परत जा, घोडे. कीव करणारे गल्लीभर आहेत."

जेवले नाही. तोही नाही. मग उशिरा दोघांनी, एकमेकांकडे न बघता, पाव खाल्ला. तो शिळा होता, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. "आता कसं!" म्हणाला.

२४ जानेवारी

बाहेर धुकं, रस्त्यावर माणूस नाही. दिवसभर स्वयंपाकघरात. दादा चिरतो, मी चाखते. आधी शब्द लागत होते, आता नाही लागत. पळी तोंडाला लावते आणि हात आपोआप मिरीच्या डब्याकडे जातो. आज दोनदा त्याने काही विचारायच्या आधीच मी लिंबू पिळलं. त्याने पाहिलं. पुढचं पातेलं सरळ माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः खुर्चीत बसून माझी कादंबरी उघडली.

"हिने डॉक्टरशी लग्न केलं?" थोड्या वेळाने ओरडला. "मूर्ख बाई!"

१ फेब्रुवारी

बाई आणि त्यांचे तिघे वादक जेवायला. दादाची परीक्षा, असं मला वाटत होतं. ऐन वेळी त्याने ॲप्रन काढून माझ्या गळ्यात घातला. "माझी कंबर धरलीये." अशी कंबर कधी धरते का, वाढायच्या अर्धा तास आधी? पण बोलायला वेळ कुठे होता!

भाजलेला भोपळा, बीन्सचा रस्सा, दालचिनीतली सफरचंदं. रस्स्यात नुसतं तिखट पुढे, बाकी सगळ्या चवी मागे पडल्या होत्या. मी लसूण लोण्यावर परतून वरून घातला, झाकण ठेवलं, थांबले. कुणाला विचारलं नाही.

वाढल्यावर सगळे खाली मान घालून जेवू लागले. माझा जीव टांगणीला. दादा कपाटाला टेकून त्यांचे चेहरे बघत होता, एकेक. मग त्या कोपऱ्यातल्या जाड्या वादकाने पावाने ताटली पुसली, अगदी कडेपर्यंत, आणि म्हणाला, "आणखी आहे का?"

दादा मागच्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. कंबर बरी आहे ना म्हटलं, तर म्हणे, "कुठली कंबर?"

८ फेब्रुवारी

रजा संपत आली. सोमवारी हजर व्हायचं. बॅग भरायला काढली आहे, भरत नाही. दादाने तीनदा विचारलं, "गाडी कितीची?" तिन्ही वेळा सांगितलं. इस्पितळातून फोन आला, नवं मशीन आलंय म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता.

जायच्या आधी त्याला एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणते. वास कधी येणार, त्यांच्याच तोंडून ऐकते.

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "वास? तो परत येणार नाही. मज्जातंतूच तुटलाय. मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं यांना."

दादा खिडकीबाहेर बघत होता.

रस्त्यात त्याची बाही धरून थांबवलं. "तुला माहीत होतं? सुरुवातीपासून?"

"सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. मला रडणारी नको होती. शिकणारी हवी होती."

तरी रडलेच. तो थांबला, मी आटोपेपर्यंत. मग विचारलं, "गाडी कितीची?"

इस्पितळात कळवलं, येत नाही. उद्या खानावळ उघडतोय. तो चिरणार, सोलणार, ओरडणार. शेगडीपाशी मी.