एक रोटीभर अंतर

६ फेब्रुवारी
सकाळपासून आकडेमोड. त्या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने गावांच्या यादीत अक्षांश-रेखांश देऊन ठेवलेत खरे, पण बाबाने पृथ्वीच लहान धरली! सगळं ताणून, सरकवून घ्यावं लागतं. त्याचं ओस्तोबरा नावाचं हरवलेलं शहर माझ्या मते इथेच, चंदिगडात. दुपारी उत्तर आलं: सेक्टर ३४. नातीला, इराला, नकाशा दाखवला. "आजोबा, ये तो मेरी कोचिंग की कँटीन है." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. पुन्हा पहिल्यापासून.

९ फेब्रु.
चि. मिलिंदची इथली पोस्टिंग मेअखेर संपतेय, पक्कं. म्हणजे माझ्या हातात उणेपुरे चार महिने. कराडला जन्मभर भूगोल शिकवला, दुसऱ्यांनी शोधलेली गावं फळ्यावर काढली. एक तरी आपण शोधलेलं असावं, एवढंच. हे सौ.ला बोललो नाही. म्हणेल, आधी तुमचा चष्मा शोधा. (सापडला. फ्रीजवर.)

१७ फेब्रु.
नवा हिशेब: पंचकुल्याच्या पलीकडे, एका गावाबाहेरचा उंचवटा. ऑटोने गेलो. सौ. बरोबर. ("एकटे गेलात तर परत कोण आणणार?") झाडाखाली विटांचा चौथरा आणि सभोवती खापरंच खापरं! बारक्या पणत्या, आतून काजळी धरलेल्या. अकरा अखंड, बाकी तुकडे. सौ.च्या भाजीच्या पिशवीत भरले.
सौ.: "अहो, याला मोहरीच्या तेलाचा वास येतोय. ताज्या."
म्हटलं, तेव्हाचं तेलच तसं असणार. अस्सल.

१८ फेब्रु.
पणत्यांना क्रमांक घातले, ओ-१ ते ओ-११. बाल्कनीत मांडल्यात. ओ-७ च्या बुडाशी कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा. दोन हजार वर्षांपूर्वीचा अंगठा! त्यावर आपला ठेवून बघितला, डोळ्यांत पाणीच आलं. मिलिंद बूट चढवता चढवता, "बाबा, कुठून काय उचलून आणलंत?" फौजी माणसाला काय कळणार.

२१ फेब्रु.
नाक कापलं गेलं.
उंचवट्याची मापं घ्यायला पुन्हा गेलो होतो. चौथऱ्यापाशी पंचाहत्तरीच्या पुढची एक म्हातारी पणती लावत होती. मला बघताच, "झोलेवाला तू ही है?" तो चौथरा म्हणजे त्या गावाचा खेडा. ज्याने गाव वसवलं त्या मूळपुरुषाची जागा. बायका सांजेला तिथे दिवा लावतात. आणि मी, निवृत्त शिक्षक, त्यांचे दिवे पळवले. "चार दिन से भैंस दूध नहीं दे रही. सारा गाँव तुझे ढूँढ रहा है!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन हजार वर्षांपूर्वीचा अंगठा बहुधा जानेवारीतला असावा.

२२ फेब्रु.
सगळ्या पणत्या परत. क्रमांकांसकट. सौ.ने रव्याचे लाडू दिले सोबत, म्हणाली, दंड समजा. म्हातारीला गावात सगळे बेबे म्हणतात. तिने लाडू खाल्ला आणि विचारलं, तू शोधतोयस तरी काय? म्हटलं, हरवलेलं गाव. मग,
"मेरा ढूँढ दे."
तिचं गाव बोहड़माजरा. चंदिगड वसवायला उठवलं तेव्हा ती पाच-सहा वर्षांची. आता ते सेक्टर १७ च्या पोटात आहे. तिथला खेडाही गेला. तेव्हापासून परक्या खेड्यावर दिवा लावतेय बाई. "एक बार अपने पे जला लूँ. बस."
घरी आल्यावर ओस्तोबराची फाईल कपाटावर टाकली. माझीच लाज वाटली मला.

२६ फेब्रु.
बेबेची साक्ष उतरवून घेतली. सेक्टर १७ च्या चौकातला एक जुना पिंपळ ती ओळखते, त्याच्याच बुंध्याशी गावची विहीर होती. आणि विहिरीपासून खेडा किती लांब?
"सूरज निकलता है उधर. एक रोटी जितना."
म्हणजे? तर आई हातात रोटी द्यायची, ती खात खात चालू लागायचं. रोटी संपली की खेडा आला.
वहीत लिहिलं: दिशा पूर्व, अंतर १ रोटी. ग्रीक बाबाकडेही वाटसरू असलीच मापं घेऊन येत असणार आणि तो बिचारा त्यांच्या डिग्र्या करत बसत असणार. त्याच्यावरचा राग गेला.

१ मार्च
सेक्टर १७, सकाळी, दुकानं उघडायच्या आत. रोटी खाणारं पाच-सहा वर्षांचं मूल मिळेना, मग इरा. वय चौदा. "आजोबा, प्लीज यार, कोई देख लेगा!" तरी निघाली पिंपळापासून पूर्वेकडे, हातात रोटी. मागे मी होकायंत्र घेऊन, माझ्यामागे बेबे, तिच्यामागे सौ. डबा घेऊन. सफाईवाले झाडू थांबवून बघत होते.
रोटी संपली ती बुटांच्या एका दुकानासमोर. बेबेने चपला काढल्या. ओढणीच्या गाठीतून पणती काढली. बंद शटरकडे बराच वेळ बघितलं, फरशीवरून हात फिरवला. मग पणती पुन्हा गाठीत बांधली, पायांत चपला घातल्या.
"ना. कुड़ी ने जल्दी खा ली."
कुड़ी म्हणजे पोरगी. इरा लालबुंद. मला वाटलं रडते की काय. बेबेचा हात धरून ऑटोपर्यंत घेऊन गेली. बसवून परत आली आणि आल्या आल्या, चक्क मराठीत:
"आजी, उद्या पोळी जाड कर. मी हळू खाईन."