मैदानातली तिपानी आणि माझी सर्दी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग घालायचीही तयारी आहे, पण गेल्या आठवड्यापासून कंबर धरली आहे. एकदा आडवा झालो की उठवायला माणूस लागतो. तेव्हा सध्या कागदावरचाच गोड मानून घे.) इकडे सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचे डोळ्यांचे थेंब चालू आहेत ना? तसं हे सगळं मी वहिनींना फोनवर विचारतोच, आणि आम्ही बोलत असताना तू पलीकडे खोकतोस तेही मला ऐकू येतं. पण चार महिने झाले, तू स्वतः फोन हातात घेतलेला नाहीस. म्हणून हे पत्र. पत्र फाडून टाकता येतं, पण फाडायच्या आधी माणूस चार ओळी वाचतोच.

वीस-बावीस वर्षं तू मला एकच प्रश्न विचारत आलास, "तू तिथे नेमकं करतोस तरी काय रे?" मी प्रयोगशाळेत आहे एवढं तुला ठाऊक. पण मी रक्त तपासत नाही, औषधं देत नाही, मग मला पोसतात कशाला, हे काही तुझ्या डोक्यात शिरेना. तुझं बरं होतं. क्लबचं मैदान हिरवंगार दिसलं की माळ्याचं काम झालं. आमचं काम म्हणजे पाला वाळवा, दळा, अर्क काढा आणि त्यात काय सापडलं ते वहीत लिहा. कोणाला दाखवावं असं त्यात काही नाही. मग आमच्या मॅडमनी क्लोव्हरचं काम हाती घेतलं. (क्लोव्हर म्हणजे तीच, जिला तू तिपानी म्हणतोस आणि जी तू सव्वीस वर्षं गुडघे टेकून खुरप्याने उपटत आलास.) तिच्यात अँटिऑक्सिडंट किती, ते मोजायचं होतं. लोखंड गंजतं तसं माणसाचं शरीरही आतून थोडं थोडं गंजतं आणि ही द्रव्यं त्या गंजाला आवर घालतात, असं मी तुला जेवताना समजावलं. (मॅडमनी ऐकलं असतं तर मला पुन्हा शाळेत घातलं असतं.) तू घास हातात तसाच धरून म्हणालास, "म्हणजे मी इतकी वर्षं औषध उपटून उकिरड्यावर टाकत होतो?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिपानीचं पोतं घेऊन दारात हजर.

पुढच्या आठवड्यात तू प्रयोगशाळेत आलास तो दिवस मी विसरणार नाही. चपला बाहेर काढू का म्हणून तू पहारेकऱ्याला विचारलंस. मी तुला जांभळं द्रावण दाखवलं. त्यात अँटिऑक्सिडंटवाला अर्क पडला की जांभळा रंग उडतो आणि पिवळा राहतो. जितका लवकर उडेल तितका माल चोख. तुझ्या मैदानातल्या तिपानीचा एक थेंब टाकला आणि रंग असा पळाला, जसा आपल्या लहानपणी गणिताचे मास्तर दिसले की मी पळायचो. तू म्हणालास, "परत कर." मी परत केलं. चार वेळा केलं. इतर ठिकाणांहून आणलेल्या क्लोव्हरच्या तिप्पट आकडा आला होता. जाताना तू पहारेकऱ्याला सांगितलंस, "माझा भाऊ. धाकटा." बारा वर्षं तू मला भेटायला फाटकापर्यंत येतोस, त्याला ते माहीतच होतं, पण त्याने मान डोलावली.

आता काळजावर दगड ठेवून लिहितो. दादा, तो आकडा तुझ्या तिपानीचा नव्हता. माझ्या सर्दीचा होता.

झालं असं, की त्या आठवड्यात माझं नाक चोंदलं होतं. पाण्यात टाकली की फसफसते ती सी जीवनसत्त्वाची गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेत होतो. पेला घरी विसरला, म्हणून प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रातच घेतली. (तिथे खायला-प्यायला सक्त बंदी आहे. तशी पाटी भिंतीवर आहे आणि ती मीच चिकटवली आहे.) मग चंचुपात्र नुसतं विसळलं आणि त्यातच तुझ्या तिपानीचा अर्क काढला. आता सी जीवनसत्त्व म्हणजे अँटिऑक्सिडंटांमधलं मोठं प्रस्थ. रंग का पळणार नाही? तीन आठवड्यांनी नवा अर्क काढून पुन्हा मोजलं, तर जांभळा रंग ढिम्म. बऱ्याच वेळाने जरा फिका झाला, तोही उपकार केल्यासारखा.

मी त्याच दुपारी तुला फोन केला होता. सांगायलाच केला होता. पण मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "अरे ऐक ना, मी तिपानी उपटायची थांबवलीय. गोलपोस्टामागचा अख्खा कोपरा फुललाय. तुला हवी तेवढी ने." आणि मी म्हणालो, "वा!" बस्स, एवढंच. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खासारखं बोललो आहे, पण त्या एका "वा"साठी मला अजून सकाळी दात घासताना मध्येच थांबायला होतं.

पुढचं तुला मी काय सांगणार? अंतिम सामन्यात तुमच्या क्लबचा गोलरक्षक तिपानीवरून घसरला आणि चेंडू त्याच्या अंगावरून आरामात आत गेला. वर चिटणीस संघाच्या फोटोसाठी पुढच्या रांगेत मांडी घालून बसले, ते नेमके फुलांवर, आणि फुलांवर आधीच एक मधमाशी बसलेली. तो फोटो मी पाहिला आहे. सगळे हसऱ्या चेहऱ्याने समोर बघताहेत आणि चिटणीस जमिनीपासून वीतभर वर आहेत. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण आठवड्याभरात तुला मैदानावरून काढलं, आणि आता तू रोपवाटिकेत बसून पिशव्यांत माती भरतोस. ज्या माणसाला अख्ख्या मैदानाचे चढउतार गुडघ्यांनी पाठ, तो पिशव्या भरतो!

परवा मंगळवारी मी चिटणिसांकडे जाऊन सगळं सांगितलं. गोळीसकट. ते म्हणाले, "पण तुमचे बंधू तर म्हणाले, माझंच दुर्लक्ष झालं, वय झालं. भावाचा यात काही संबंध नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं." जागा मात्र भरली गेली आहे. नवा माळी यंत्रावर बसून गवत कापतो. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. त्यापलीकडे काही झालं नाही.

मी समजत होतो, तुला गोळीचं कुठूनतरी कळलं आणि म्हणून तू अबोला धरलास. पण काल वहिनींनी खरं सांगितलं. क्लबवाल्यांनी मैदानातली सगळी तिपानी कापून टाकली, आता धाकट्याचं संशोधन माझ्यामुळे बुडालं, त्याला काय तोंड दाखवू, असं तू म्हणत बसला आहेस. अरे दादा! बुडायला आधी काही तरंगत असावं लागतं ना?

चूक माझी, शिक्षा तुला, आणि वर लाजही तूच बाळगायची, हा कुठला न्याय? शिव्या घाल, पण बोल.

तुझा,
धाकटा

ता. क. – मॅडमना त्याआधीच सांगून टाकलं होतं. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी प्रयोगशाळेतली यच्चयावत चंचुपात्रं माझ्याकडून घासून घेतली. तुझ्या तिपानीचा खरा आकडा अहवालात आहे. अगदीच टाकाऊ नाही रे, मध्यम आहे. आपल्या दोघांच्या शाळेतल्या गुणांसारखा.

ता. क. पुन्हा – मैदान कापलं त्या दिवशी मी माफी मागायला आलो होतो. तू पाठमोरा हत्यारं पुसत होतास. माझा धीर झाला नाही. कुंपणाशी यंत्र पोचलं नव्हतं, तिथलं तिपानीचं एक ढेकूळ मुळासकट काढलं आणि तसाच परतलो. ते आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत आहे आणि दहा दिवसांपासून पिवळं पडतं आहे. बायको म्हणते पाणी जास्त होतंय, मला वाटतं कमी. तुला फोटो पाठवणार होतो, पण फोटोत काय कळणार? पान हातात घेऊन बघायला हवं. रविवारी दुपारी मी घरीच आहे.