जंगल रांगेत उभं राहत नाही

शनिवार, संध्याकाळ

स्पेलिंगच्या चुका माफ, माझं मराठी टायपिंग खूप स्लो आहे. आज कम्युनिटी सेंटरमधून अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या गावाशी व्हिडिओ कॉल होता. ते लोक स्वतःच त्यांचं जंगल परत वाढवतायत. त्यांच्या शाळेसाठी पोस्टर मी काढलंय. मी, शाळा सोडलेली!

पण मी रोपं सरळ रांगेत काढली होती, पार्कसारखी. तिथल्या टीचर हसल्या. सेंटरच्या मॅडम त्यांचं बोलणं मराठीत सांगत होत्या. "अगं, जंगल रांगेत उभं राहत नाही! आम्ही सगळ्या बिया एकत्र मिसळून फेकतो."

कॉल बंद करावासा वाटला. पण मी माइक ऑन केला. "थांबा, मी आत्ता परत काढते." सगळ्यांसमोर काढलं, या वेळी सगळी रोपं एकमेकांत मिसळलेली.

"हे आमच्या वर्गात लागणार," टीचर म्हणाल्या.

वर्गात. माझं पोस्टर!

अरे हो, ताई ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली.