बटणांचा आजार

प्रिय मावशीस,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, पाठ धरली आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? काका अजून शिलाई मशीनच्या खडखडाटात झोपतात ना? मी अगदी मजेत. नोकरी जायच्या बेतात आहे, पण ते असो.

एवढं शिकून मी करते तरी काय, असं तू नेहमी विचारतेस. तर मी कॉम्प्युटरला छातीचे एक्स-रे बघायला शिकवते. हा आजारी, हा धडधाकट, असं हजारो वेळा दाखवायचं, मग तो आपला आपण ओळखू लागतो. आमचा पठ्ठ्या शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर सांगायचा! मी हवेतच होते गं. परवा त्याची परीक्षा होती. पास झाला तर काम पुढे चालू, नाहीतर मी घरी. सगळे जमले आणि मोठ्या डॉक्टरांना हुक्की आली, म्हणाले, त्याला माझाच एक्स-रे दाखवा. लगेच काढला. (त्यांना शर्ट काढा म्हणून सांगणार कोण?) कॉम्प्युटर म्हणाला, न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसांत. चार जिने चढून आलेला माणूस मटकन खाली बसला. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा लावला, घाम मात्र मला फुटला.

मग शोधाशोध. अगं, त्या मेल्याने फुप्फुसं कधी बघितलीच नव्हती! तो बटणं बघत होता. धडधाकट माणसं चालत येतात, शर्ट काढून नाड्यांचा गाऊन घालतात. फार आजारी माणसाचा एक्स-रे खाटेवरच, त्याचे कपडे कोण बदलत बसणार? म्हणजे बटण दिसलं की आजारी! माझा विश्वास बसेना, म्हणून मी हँगरवरच्या रिकाम्या शर्टाचा एक्स-रे काढायला लावला. निकाल: न्यूमोनिया, प्रकृती गंभीर. मी इतकी हसले की एक्स-रेवाले दादा घाबरले. हसता हसता रडलेही, तुला म्हणून सांगते. इतकी वर्षं घासून मी बटणं ओळखायला शिकवली!

कळावे. लोभ आहेच, तो असू दे.

तुझी विद्वान भाची

ता. क. महिन्याची मुदत मिळाली आहे. धडधाकट माणसांच्या अंगावरही बटणं आली, की पठ्ठ्याला झक मारत फुप्फुसं बघावी लागतील. तेव्हा दोनशे गाऊन पाठवते आहे, नाड्या काढून बटणं लावून दे. (गुडघ्याचं उगाच नव्हतं विचारलं.)

आणखी ता. क. हँगरवरचा शर्ट तू वाढदिवसाला शिवलेलाच. महिन्याने परीक्षेला पुन्हा तोच बसणार. तो बरा निघाला तर माझी नोकरी राहिली. काल घरी न्यायला गेले, तर दादा म्हणाले, पेशंट गंभीर आहे, सोडता येणार नाही.