जावयाला आवडलेला भाग

दि. ३ मार्च

चि. ठमीस,
मोठ्या भावाचे मन भरून आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. फोन का करत नाही, असं पुन्हा विचारू नकोस. बॉयलरच्या कारखान्यात पत्रे जोडायच्या रिव्हेटा ठोकता ठोकता माझे कान गेले आणि मोबाइलवर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो. पत्रच बरं. तुला माझं अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल.

तू सांगितलेली जपानी पोलिसांची मालिका दर रविवारी दुपारी बघतो. माझ्यासारख्याला झकास आहे. जपानी कुणालाच कळत नाही, सगळे खालची अक्षरं वाचतात, त्यामुळे फार वर्षांनी मी चारचौघांच्या बरोबरीला आलोय.

परवाचा मासळीच्या गोदामातला भाग पाहिलास ना? मुलीला बुडवून मारणाऱ्याला तो म्हातारा बाप शेवटी गाठतो आणि बर्फ फोडायच्या टोच्यानं भोसकतो. पहिला घाव खांद्यात. तो हरामखोर माशांच्या पेट्यांवरून सरपटत पळायला बघतो, म्हातारा त्याला पायाला धरून मागे ओढतो आणि पुन्हा घालतो. सगळा बर्फ लाल. मी खुर्चीच्या काठावर आलो होतो. आणि मग ती तुझी लाडकी ठेंगणी इन्स्पेक्टर येते, नळाखाली म्हाताऱ्याचे हात धुते आणि त्याच हातांत बेड्या घालते. माझं डोकंच फिरलं. बापानं दुसरं काय करायचं होतं? शेजारच्या पोस्टमनला तिचंच बरोबर वाटतं. वर्तमानपत्राच्या कडेला लिहून लिहून तो माझ्याशी भांडला. मी पेपर फाडला.

बबी कशी आहे? लग्न करून तुझ्या गावात आली तेव्हा आत्या जवळ आहे म्हणून मी निश्चिंत होतो. पण हल्ली तिच्या पत्रात हवापाण्याशिवाय काही नसतं. बापावर रुसली असेल तर तसं कळव.

तुझा राग आणि माया दोन्ही हवे असलेला,
दादा


दि. १२ मार्च

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न., वि. वि.

तुझा राग कागदातून माझ्या बोटांना लागला. पण इन्स्पेक्टरचं चुकलं नाही, हे मी तुझ्या तोंडावर सांगते. एक तर इतक्या झटपट कुणी मरत नाही. दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत उभी राहून मी मोडलेली माणसं रोज बघते. ती ओरडतात, ओकतात, आईला हाका मारतात. मालिकेतला मेलेला माणूस मात्र भांग न विस्कटता पडतो. आणि दुसरं, त्या म्हाताऱ्याला घरी बायको होती. ती कुणाकडे बघून जगणार, याचा विचार त्या टोच्यानं केला नाही.

रविवारी माझ्याकडे छोटं थेटरच भरतं. वरच्या मजल्यावरची शिवणवाली रक्त दिसलं की डोळे मिटते आणि संपलं का म्हणून दर मिनिटाला विचारते. खालचा घड्याळजी खुनी कोण ते पहिल्याच भागात जाहीर करतो आणि दर वेळी तोंडावर आपटतो. बबी आणि जावईही येतात.

जावयांची मतं ऐकून मात्र मला जरा कसंसंच झालं. गेल्या भागात एकजण बायकोचा गळा वायरनं आवळतो. तिचे पाय लादीवर घासतात, एक चप्पल निघून जाते, तिची नखं त्याच्या मनगटात रुततात. शिवणवालीनं तोंड फिरवलं. जावयांनी तेवढाच तुकडा मागे नेऊन परत पाहिला. त्यांचं म्हणणं, त्या बाईला जिभेवर ताबा ठेवता आला असता, आणि नवऱ्याचं चुकलं ते इतकंच की त्यानं दिसतील अशा जागी वळ उठवले. बोलण्याची ढब अशी की घड्याळजी हसला. मीही हसले असेन. गाड्यांच्या शोरूममध्ये त्यांच्या याच गोड बोलण्यावर गिऱ्हाइकं भुलतात. बबी तेवढ्यात चहा टाकायला उठली.

तिच्या डाव्या हाताला थोडं लागलंय. न्हाणीत घसरली. मीच प्लास्टर घातलंय, काळजी नसावी.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी,
ठमी


दि. १८ मार्च

चि. ठमीस, आशीर्वाद.

वायरीबद्दल अर्धं पान आणि माझ्या मुलीच्या हाताबद्दल दोन ओळी. मला ऐकू येत नाही, वाचता येतं.

न्हाणीत घसरणारा माणूस तळवा टेकतो, मनगट मोडून घेतो. आमच्या कारखान्यात रोज कुणी ना कुणी तेलावरून घसरायचं. तिचं कुठलं हाड मोडलंय, ते मला लिही. आणि चहा टाकायला ती का उठली, तेही लिही.

त्यानं हात उचलला असेल तर माझे हात अजून शाबूत आहेत. हातोडा कोपऱ्यातच आहे. मला फसवू नकोस.

दादा


दि. २६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

हे पत्र बसून वाच. आधी सांगते की बबी जिवंत आहे, माझ्या घरात आहे आणि आत्ता जेवून झोपली आहे.

हाड मनगटाचं नव्हतं. कोपर आणि मनगटाच्या मधलं होतं. कुणी डोक्यात काही घालायला आलं की आपण हात आडवा धरतो, तेव्हा मोडतं ते. मोटारीचा पाना होता. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. तू येशील आणि त्याला मारून तुरुंगात जाशील, याचीच तिला धास्ती होती. पण तुझं पत्र तिला दाखवल्यावर एकेक बटण काढून तिनं मला पाठ दाखवली. त्या पाठीबद्दल मी लिहिणार नाही. दिसतील अशा जागी त्यानं खरंच काही केलं नव्हतं. मी तिला घरी परत पाठवली नाही.

रविवारी मालिका चालू असताना तो आला. आधी दारातून गोड बोलला, चल म्हणाला. बबीनं बसल्या जागेवरून नाही म्हटलं. तेवढंच म्हटलं. त्यानं आत येऊन तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. शिवणवाली किंचाळली. घड्याळजी मधे पडला, तर पोटात लाथ खाऊन खुर्चीसकट उलटा झाला. मी मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली. त्यानं कोपर मारलं, माझे पुढचे दोन दात तोंडातच सुटे झाले. मी पडले तसा तो माझ्या छातीवर पाय देऊन उभा राहिला. बरगडी मोडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे. स्वतःची मोडताना तो आतून ऐकू येतो.

तेव्हा बबी उठली. तिचं अर्धं तोंड रक्तानं माखलं होतं. तिनं प्लास्टरचा हात मागे नेला आणि सगळ्या अंगानिशी त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचा चेंदा झाला. तो माझ्यावरून बाजूला कोसळला. ती गुडघ्यावर बसून हाणतच राहिली. प्लास्टरला तडे गेले, आतला हात पुन्हा मोडला असणार, पण तिला काही जाणवत नव्हतं. तिच्या तोंडातून आवाजसुद्धा येत नव्हता. तो निपचित पडला, तरी तिचा हात वर गेला. तो मी धरला. त्याची कीव आली म्हणून नाही रे. तिनं संध्याकाळी घरात असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

पोलीस आले. तो दवाखान्यात पहाऱ्यात आहे, जगेल. बबीनं सगळा जबाब दिला, पाठ दाखवली. घड्याळजी आणि शिवणवाली साक्ष देणार आहेत. नवीन प्लास्टर दवाखान्यातल्या माझ्या सोबतिणीनं घातलं, बरगडीमुळे मला वाकता येत नव्हतं.

तू ये. पण रिकाम्या हातांनी ये. एवढी एकच गोष्ट तुझ्याकडे मागते.

वाट बघणारी,
ठमी


दि. १५ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. बरगडी कशी आहे? नवे दात बसवल्यावर बोलताना शिट्टी वाजते, असं बबी सांगते. मला ती ऐकू येणार नाही, तेव्हा माझ्यासमोर खुशाल बोल.

तुझ्याकडून इथं आणल्यापासून बबी बरी आहे. हात जुळतोय. शेजारी दार आपटलं की भिंतीला चिकटते. मला आवाज येत नाही, पण तिच्याकडे बघून आला हे कळतं.

आता एक सांगायचं आहे. मी रिकाम्या हातांनीच आलो. पण तुझ्या घरी येण्याआधी दवाखान्यात गेलो होतो. पहाऱ्यावरचा शिपाई पाणी प्यायला गेला होता. जावई एकटाच पडला होता, एक हात पलंगाला बेडीनं अडकवलेला, तोंड पट्ट्यांत. मला बघून त्याचे सुजलेले ओठ हलायला लागले. माफी मागत होता की शिव्या घालत होता, मला माहीत नाही. मी त्याचा गळा धरला. ठमे, रिव्हेट दाबून धरलेले हात आहेत हे. त्याचे डोळे बाहेर आले, पाय चादरीत झाडायला लागले, अंथरूण ओलं झालं. आणि माझ्या हातांना बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. ते मला कळलं आणि मी असा घाबरलो की हात सुटले. तो खोकत राहिला. मी बाहेर आलो, नळावर तोंड धुतलं आणि तुझ्याकडे येऊन निमूट जेवलो. तुम्हा दोघींना काही बोललो नाही.

इथं आल्यावर बबीला सांगितलं. मला वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. ती इतकी चिडली की तिचे ओठ वाचता येईनात. शेवटी कागद ओढून तिनं लिहून सांगितलं की तिनं मारलं तेव्हा तो तिच्या आत्याच्या छातीवर उभा होता, आणि मी मारलं तेव्हा तो बांधलेला होता. ही दोन्ही मारणी एक करू नका, म्हणाली. बांधलेल्या माणसाला मारणं तिला चांगलं ठाऊक आहे, त्यानं एकदा तिला कपाटाच्या मुठीला बांधलं होतं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वर असंही म्हणाली की त्याच्या वकिलानं हे कोर्टात काढलं तर तिचा खरा जबाबही खोटा ठरेल, तेव्हा ते आपणच आधी सांगायचं.

काल तिनं मला ठाण्यावर नेलं. मला ऐकू येत नाही म्हणून साहेब प्रश्न लिहून पुढे सरकवत होते आणि मी खाली उत्तर लिहीत होतो. एक प्रश्न होता, ठार मारायचा इरादा होता का. बबी माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी हो असं लिहिलं.

साहेबांनी तूर्त घरी पाठवलंय. बोलावतील तेव्हा जायचं. शिक्षा होईल तेवढी भोगीन, बबीचा खटला मात्र तू सांभाळ. ठाण्यातून बबीबरोबर निघालो. रस्त्यावर गाड्यांची रीघ होती आणि मला मागून येणारी गाडी कळत नाही. तिनं चांगल्या हातानं माझा दंड धरला, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मला पलीकडे नेलं.

आहे तसा पदरात घे.
तुझा,
दादा