ठिपका मारलेली वासरं

लिंकन, नेब्रास्का
१२ सप्टेंबर १९७६

ती. ओटिलिया मावशीस,
मायलोचा शि. सा. न. वि. वि.

खसखशीचे कोलाचे, म्हणजे तुझे ते गोड पाव, आणि काकांच्या गाई-वासरांच्या पाच वर्षांच्या नोंदींच्या लाल खिसेवह्या, दोन्ही पोचलं. कोलाचे इथल्या मंडळींनी संपवले, वह्या मी. काका गेल्यापासून त्यांचं अक्षर पाहिलं नव्हतं. पहिली संध्याकाळ नुसती त्यातच गेली.

दुष्काळामुळे गवत निम्म्याच गाईंपुरतं उरलंय, एक कळप विकावा लागणार, असं तू लिहिलंस. मी वह्यांतून दोन्ही कळपांची तुलना केली. गाभण राहण्यात आपल्या बुटक्या काळ्या पांढरतोंड्या किंचित सरस. पण शारोले या फ्रेंच जातीच्या रक्ताच्या थोराड गाईंची वासरं दूध तुटताना सरासरी साठ पौंडांनी भारी भरतात, आणि काळ्यांची वासरं दगावलीही जास्त. थोराड गाय खाते जास्त, पण तिचं वासरू ते भरून काढतं. तेव्हा काळ्या विकाव्यात. तुझा जीव त्यांच्यात आहे हे ठाऊक आहे, पण आकड्यांना माया नसते. ४ ऑक्टोबरला ट्रक सांगितला आहे.

या निकालानंतरही लोभ ठेवशील, या आशेवर
तुझा मायलो


टेकड्यांवरून, १७ सप्टेंबर

चि. मायलो यास अनेक आशीर्वाद.

आकड्यांना माया नसते हे खरं. त्यांना डोळेही नसतात, हे तुमच्या विद्यापीठात अजून कुणी शिकवलेलं दिसत नाही. काही नंबरांशेजारी पेन्सिलीचा ठिपका आहे. तो डाग वाटला ना तुला? तुझे काका जेवताना वही उघडत नसत.

थोराड गाय विताना अडून मेली किंवा आटली, की तिचं वासरू आम्ही काळीला लावायचो; जिचं स्वतःचं वादळात गारठून गेलेलं असे, तिला. मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. बांधायचे मी, काकांना त्या गाठी कधी जमल्या नाहीत. काळी हुंगायची, फसायची किंवा फसल्यासारखं करायची, आणि पाजायची. तीन दिवसांनी कातडं काढलं तरी सोडायची नाही. पण वासराच्या कानात बिल्ला जन्म देणारीच्या नंबरचा, वहीत वजनही तिच्याच नावावर, शेजारी फक्त तो ठिपका. काळीच्या नंबरापुढे एवढंच: वासरू मेलं. आता मोज.

आणखी एक. हे तुला सांगायचं नाही असं आम्हा दोघांचं ठरलं होतं, आता दोघांतली मीच उरले. रोझाली तुला जन्म देऊन गेली त्याच आठवड्यात माझी अकरा दिवसांची मुलगी गेली. तुला घरी आणलं तेव्हा मला तुझ्याकडे बघवेना. काकांनी त्या मुलीचं झबलं तुला चढवलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पुढचं तुला माहीत आहे.

जेवत जा.
ओटिलिया


लिंकन, २४ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सतरा ठिपके. ती वासरं पाजणारीच्या नावावर घातली, तर साठ पौंडांचे अकराच उरले, आणि तेवढ्यासाठी तीन थोराड गाई चार काळ्यांचं गवत खातात. काळ्या ठेव. ट्रकमधून थोराड जातील. गेल्या आठवड्याच्या मेळाव्यात मी याच वह्यांवरून चाळीस पशुपालकांना छाती ठोकून उलटं सांगून आलो होतो. रोज चार जणांना चूक कबूल करणारी पत्रं लिहितोय.

झबल्याचं तीनदा वाचलं. पत्राच्या माथ्यावर इतकी वर्षं चुकीचं लिहीत आलो असं वाटतं. यापुढे 'आई' लिहू का?

तुझाच
मायलो


टेकड्यांवरून, ४ ऑक्टोबर

चि. मायलो यास अनेक आशीर्वाद.

थोराड गाई आज गेल्या. शेवटची ट्रकच्या फळीवर अडून बसली. हाकणारा काठी उगारत होता, त्याला म्हटलं, थांब. पाठीवर हात ठेवला तशी चढली. त्यांचा दोष नव्हता रे. एवढं मोठं व्हायला त्यांनी कुठे मागितलं होतं?

तू विचारलंस त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. कानातला बिल्ला बदलायचा नसतो. रोझालीच्या नावावर या जगात तेवढा एक तूच आहेस, तो मी पुसणार नाही. मावशीच लिही.

काळ्यांसाठी नवी वही मात्र तूच आखून आण. तिच्यात एक रकाना वाढव: पाजलं कुणी.

माया आहे तेवढीच आहे. तिचं वजन करत बसू नकोस.
तुझी मावशी